मागे घेतलेलं ताट

पुरणाचे धोंडे उकडायला ठेवले तेव्हाच सुलाबाईने मनाशी पक्कं केलं होतं, की आज जावई जेवला नाही तर त्याला एका शब्दाने बोलायचं नाही. मात्र स्वतःही अन्नाला शिवायचं नाही, म्हणजे त्याचं त्याला कळेल. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि लेकीच्या, मंदाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. पुरण सुलाबाईने स्वतः वाटलं होतं, तूप घरच्या म्हशीचं कढवलं होतं, तेहेतीस अनारसे असे जाळीदार उतरले होते की शेजारणी बघून गेल्या. चांदीचा दिवा निफाडच्या सोनाराकडून आला होता. आणि ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो जावई चार दिवसांपासून ताकावर होता. चतकोर भाकरी खायचा आणि हात जोडून उठायचा.

वाल्मीक ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. तेवढंच असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण ड्युटी सुटली की हा गडी एसटी धरून पंचवटीतल्या व्यायामशाळेत जायचा, लोखंडी दांड्याला दोन्हीकडून प्लेटा लावायचा आणि ते सगळं डोक्यावर उचलून धरायचा. "याचं काय मिळतं का?" असं सुलाबाईच्या दिराने, पुंजाने, लग्नाच्या बोलणीतच विचारलं होतं. "काहीच नाही," असं वाल्मीकने इतक्या खुशीत सांगितलं की पुंजाला पुढचा प्रश्न सुचला नाही. सुलाबाईच्या नवऱ्याला, कारभारीला, मात्र मुलगा तिथेच आवडला. सुलाबाईलाही आवडला, पण ती ते बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती.

उद्या रविवारी नाशकात जिल्ह्याची स्पर्धा होती. वाल्मीकचा गट साडेसदुसष्ट किलोचा. सकाळी आधी स्पर्धकांचंच वजन व्हायचं, आणि त्यात तो जरा जरी जास्त भरला तर वरच्या गटात. त्या गटात पोलिसातला एक हवालदार होता, त्याच्यापुढे कोणाचाच निभाव लागत नसे. प्रत्येक गटातला पहिला तेवढा राज्य स्पर्धेला जाणार. दोन वर्षं वाल्मीक दुसरा आला होता. या वर्षी तयारी अशी झाली होती की व्यायामशाळेतले म्हातारेसुद्धा म्हणायचे, आता याला फक्त याचं पोटच हरवू शकतं.

"मामी, वाढा आता!" वाल्मीक मागच्या दाराने आत आला तो ओरडतच. अंगात नुसता बनियन, केस ओले. "आत्ता खळ्यातल्या कांद्याच्या काट्यावर उभा राहून आलो. सदुसष्टला टेकलो! अर्धा किलो हाताशी हे."

ओसरीवर त्याची आई कुसाबाई बसली होती. विधवा बाई, निफाडकडच्या वस्तीवर एकटीने कांदा पिकवायची, आवाज खणखणीत. "म्हणजे आता खाणारेस ना? नायतर गावभर व्हायचं, सासुरवाडीनं उपाशी ठेवला म्हून."

"खातो ना. त्या स्टेशनावरच्या मशीननं घाबरवून ठेवलं होतं मला. मंगळवारी नाशिकरोडला दहा पैसे टाकले तर एकाहत्तर दाखवलं. इथं येऊन मामांच्या काट्यावर चढलो तर एकोणसत्तर. एकाच दिवशी!" तो हसला. "त्या मशीनच्या कार्डावर भविष्यपण छापलेलं असतं. जवळच्या नातेवाइकांकडून लाभ होईल म्हणे. भविष्य सांगणाऱ्या काट्यावर कोण विश्वास ठेवतं? मामांच्या काट्याला तर सरकारी शिक्का हे."

सगळे हसले. सुलाबाईही हसायला लागली आणि हसता हसता तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. कारभारी तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा तळहातावर थांबला होता. त्याने तंबाखू तोंडात न टाकताच झटकून दिली आणि गोठ्याकडे निघून गेला.

खळ्यातल्या काट्याची गोष्ट सुलाबाईला माहीत होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, घरं दोन झाली आणि कांद्याचा व्यापार तेवढा एकत्र राहिला, त्या वर्षी ती खळ्यात चहा घेऊन गेली होती. तेव्हा पुंजा आणि कोणी बाहेरगावचा माणूस काट्याचं वजन उलटं धरून त्याच्या बुडात शिसं ओतत होते. वजन जड झालं की काटा माल कमी दाखवतो, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. कारभारी बाजूला उभा होता. त्याने ओतलं नव्हतं आणि थांबवलंही नव्हतं. सुलाबाईने चहाची किटली खाली ठेवली आणि परत आली. खळं पुरुषांचं, असं तिने स्वतःला समजावलं, आणि इतकी वर्षं तेच समजावत आली.

"मंदे, पाट मांड," असं सांगून ती गोठ्याकडे गेली. कारभारी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मला इचारता? पोरगं आता ताटावर बसंल. चार दिवसांचा उपाशी हे, पोटभर खाईल. अन् उद्या तिथल्या काट्यावर उभं ऱ्हाईल, ते दोन-तीन किलो जास्त."

"इनबाई समोर बसल्यात, सुले. त्यांचा कांदा लग्नाच्या आधीपासून याच काट्यावर येतोय. कोणत्या तोंडानं सांगू? मंदाला जन्मभर टोमणे खावे लागतील."

तेवढ्यात पुंजा आला. भावाला गोठ्यात आणि वहिनीला त्याच्या मागे बघून काय चाललंय ते त्याने ताडलं. "वयनी, जेवू द्या पाव्हण्याला. उद्या जास्त भरला तर म्हणू, तिथलाच काटा बिघडला. आपल्याला सरकारी शिक्का हे."

"शिक्का वर हे, भाऊजी. शिसं खाली हे."

पुंजाने मान फिरवली. "एक साल नाय गेला स्पर्धेला तर काय आभाळ कोसळतंय? फुकटचा तर खेळ."

"फुकटचा हे म्हणूनच," सुलाबाई म्हणाली, पण आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते तिलाही पुरतं सांगता आलं नाही. जावई आल्यापासून रोज सकाळी खळ्यात नुसता बांबू घेऊन सराव करायचा. उचलता उचलता मधेच खाली का बसता, असं तिने काल विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, मामी, वजन पुरतं वर ओढता येत नाही. थोडं वर आलं की आपणच झटकन त्याच्याखाली शिरायचं. भिऊन मागं राहिलो की ते पडतं. सुलाबाईला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आता नवऱ्याकडे बघताना वाटेना.

"मी काय बोलणार नाय," ती कारभारीला म्हणाली. "बोलायचं तुमचं हे. पण त्याला जेवू देणार नाय."

ओसरीवर पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. मंदाने नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, चांदीचा दिवा ओवाळला. ताटात धोंडे, त्यांवर तुपाची धार, बाजूला अनारसे. वाल्मीकच्या डोळ्यांत चार दिवसांची भूक अशी उतरली होती की सुलाबाईचा जीव तुटला. त्याने धोंडा फोडला, घास उचलला.

सुलाबाई वाकली आणि तिने ताट उचललं.

घास त्याच्या हातातच राहिला. कोणाला काही उमजेना. आधी वाटलं तूप वाढायला घेतलं असेल. पण सुलाबाई ताट घेऊन सरळ उभी राहिली, आणि म्हणाली, "हातातलं पण ठेवा, पाव्हणं. आज जेवायचं नाय."

"आई!" मंदा ओरडली. "काय करून ऱ्हायली तू!"

"उद्या वजन उचलून या. मग वाढते."

कुसाबाई उठली. पदर कमरेला खोचला तेव्हाच ओसरीने ओळखलं की आता ऐकावं लागणार. "धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या पुढलं ताट उचललं! माझ्या पोरानं मागितलं होतं का तुमचं अन्न? तुम्हीच सांगावा धाडला. बोलावून आणायचं अन् हातातला घास काढायचा, असं कुठल्या मुलखात होतं? ऊठ रे वाल्मीक. मंदे, तुला यायचं तर ये, नायतर बस आईकडं."

मंदा आईकडे न बघता आत गेली आणि पिशवी भरायला लागली. ते मात्र सुलाबाईला फार लागलं. आपल्या पोटची पोर एका शब्दानेही न विचारता पलीकडे जाऊन उभी राहते, याचं तिला रडू आलं. पण हातात ताट होतं, डोळे पुसता येईनात.

वाल्मीक पाटावरच बसून होता. "मामी," तो हळूच म्हणाला, "माझं काय चुकलं का? वजन तर बसलंय. आत्ताच बघितलं काट्यावर."

सुलाबाईने दाराकडे बघितलं. तिथे कारभारी उभा होता, मागे पुंजा. बायको वेडी ठरत होती, कंजूष ठरत होती, लेक तुटत होती, आणि ती ताट घेऊन उभी होती. तिने नजर हटवली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"इनबाई, थांबा," कारभारी म्हणाला. "ताट तिनं माझ्यापायी उचललं. काटा खोटा हे."

"दादा!" पुंजा पुटपुटला.

"खोटा हे. कमी दाखवतो. पाव्हणं सदुसष्ट नाय, एकोणसत्तरच्या पुढं असतील."

कुसाबाईने उचललेली आपली पिशवी खाली ठेवली. "पोत्यामागं किती?"

"दोन किलो. कधी थोडं जास्त."

"कधीपासून?"

"तुमचा कांदा यायला लागला, त्याच्या आधीपासून."

कुसाबाई ओसरीच्या कडेला बसली. तिचा खणखणीत आवाज एकदम खाली आला. "माझा मालक गेला त्या साली मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन आले होते. बाईमाणूस म्हणून बाकीचे व्यापारी हसत होते. तुम्ही मला सावलीत बसवलं, चहा पाजला. मी घरी जाऊन पोराला सांगितलं, कारभारीसारखा माणूस नाय. त्याच माणसाची पोर मी सून करून आणली."

कारभारी मान खाली घालून उभा राहिला. सुलाबाईला त्याची कीव आली आणि त्याच वेळी ऊर भरूनही आला. बोलला, शेवटी बोलला.

आणि मग वाल्मीकला हसू फुटलं. आधी त्याने ते दाबलं, मग दाबता येईना. "म्हणजे स्टेशनावरचं मशीन खरं होतं! अन् जवळच्या नातेवाइकांकडून लाभ..." हातातला घास ठेवायला ताट नव्हतं, म्हणून तो तसाच हातात धरून हसत होता. आतून मंदा पिशवी टाकून बाहेर आली. ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच माहीत. येऊन आईच्या खांद्याला चिकटून उभी राहिली.

"हसू नको, मेल्या," कुसाबाई म्हणाली. "लाभ झालाच. खाल्लं असतंस म्हणजे कळालं असतं उद्या." ती सुलाबाईकडे वळली. "इनबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् गप ऱ्हायल्या?"

"ऱ्हायले. आज नाय ऱ्हावलं."

कुसाबाईने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "ठीक हे. तुम्ही घरात बोलले, कारभारी. सोमवारी बाजार हे. सगळ्यांच्या आधी माझी गाडी लागंल. तेव्हा खळ्यात बोला, सगळ्यांसमोर. तोवर या घरचं पाणी पिईन, जेवण नाय."

"खळ्यात बोललं तर धंदा बसंल," पुंजा घाईने म्हणाला.

"भाऊजी," सुलाबाईने ताट झाकून ठेवलं, "तुम्ही सायकल काढा. पाव्हण्यांना घाम काढायचाय."

त्या दुपारी कारभारीच्या गावाने, पिंपळगावने, एक तमाशा बघितला. अंगात खताच्या प्लास्टिक पिशव्यांची खोळ, वर कारभारीचं घोंगडं, डोक्याला मफलर, अशा अवतारात गावचा जावई हमरस्त्याच्या कडेने पळत होता आणि मागे सायकलवर पुंजा. ट्रकवाले हॉर्न वाजवून जात. परत आल्यावर त्याला पाणी पिऊ द्यायचं नाही, म्हणून कुसाबाई माठाला पाठ लावून बसली. दोघी विहिणी एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत, पण वाल्मीकने माठाकडे बघितलं की दोघी एकदमच "अं हं!" म्हणत.

रविवारी सगळे नाशकात गेले. सुलाबाईने असली स्पर्धा आयुष्यात पाहिली नव्हती. आत पुरुषांचं वजन चाललं होतं, बायका बाहेर पायरीवर बसल्या. कारभारी दारातून आत-बाहेर करत होता. एकदा आला तो कपाळाला हात लावून, की काटा जरासाच वर जातोय. वाल्मीकने मग डोक्याचा पार गोटा करून घेतला, तोंडात चिंच धरून सुटलेली लाळ थुंकत बसला, आणि पुन्हा उभा राहिला. या वेळी कारभारी पायऱ्या उतरून बायकांपाशी आला. त्याने मान डोलावली. "बसलं," तो म्हणाला. "खऱ्या काट्यावर बसलं."

मग दुपारी सुलाबाईने ते पाहिलं. वाल्मीकने हाताला पांढरी पूड चोळली, दांड्याशी वाकला. दांडा जमिनीवरून सुटला, मांड्यांवरून वर आला, आणि आता हा एवढं कसं वर नेणार असं वाटतं न वाटतं तोच तो स्वतःच खाली शिरला. वजन वर आणि तो त्याच्याखाली बसलेला. मग हळूहळू उठला. दांडा दोन्ही टोकांना लवत होता. पंचांनी हात खाली केला तरी त्याने ते क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि बायकांच्या बाजूला बघून दात काढले. कुसाबाईने शेजारी बसलेल्या सुलाबाईचा हात इतका घट्ट आवळला की बांगडी रुतली. या वर्षी वाल्मीक पहिला आला.

सोमवारी मात्र गावात त्याचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. खळ्यापुढे गाड्या लागल्या, सगळ्यांत पुढे कुसाबाईची. कारभारी काट्याजवळ आला. त्याने वजन उलटं केलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच्या हाताने बुडातलं शिसं फोडून काढलं. लोक बघायला लागले. शिशाचा गोळा जमिनीवर पडला तेव्हा कारभारी सरळ उभा राहिला.

"हा काटा आजवर तुमचा माल खात होता," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. आजपासून खाणार नाय."

खळ्यात कुजबुज झाली. देवराम नावाचा एक म्हातारा शेतकरी पुढे आला. "किती खाल्लं, शेठ?"

"लय खाल्लं, देवरामबाबा."

दोघा शेतकऱ्यांनी तिथल्या तिथे बैल फिरवले आणि गाड्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे नेल्या. एकजण जाता जाता थुंकला. कारभारीने ते बघितलं आणि सोसलं. पुंजा खांबाला टेकून उभा होता, पण निघून गेला नाही. वाल्मीकने व्यायामशाळेतून आणलेल्या प्लेटा टेम्पोतून उतरवल्या. प्रत्येकीवर खऱ्या वजनाचा आकडा कोरलेला होता. दोन हातांत दोन अशा तो एकेक आणून काट्यावर रचत गेला, वजनं उचलणाऱ्याला वजनांचं काय कौतुक, अशा थाटात. शिसं काढून हलकं झालेलं वजन पुंजाने पुढे होऊन अडकवलं आणि प्लेटांवरच्या आकड्यांशी दांडी जुळवली. दांडी वर गेली, खाली आली, मधोमध थांबली.

"परत," कुसाबाई म्हणाली.

वाल्मीकने सगळ्या प्लेटा उतरवल्या आणि परत चढवल्या. दांडी परत मधोमध थांबली. देवरामबाबा वाकून बघून आला, त्याने मान डोलावली.

"चढवा माझा कांदा," कुसाबाई म्हणाली. पोती काट्यावर जायला लागली तशी ती घराकडे वळली. मागच्या दारात सुलाबाई उभी होती.

"इनबाई," कुसाबाई म्हणाली, "आता जेवायला बसते मी. पण जावयाचं ताट आधी वाढा. परवाचे धोंडे तर गेले असतील, नवे करायला बसू का तुमच्यासंगं?"

"उकडून तयार हेत."

"कधी केले?"

"पहाटेच पुरण शिजत घातलं होतं."

कुसाबाई थबकली. "पहाटे? तेव्हा तर कारभारी बोलतील का नाय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं."

"मलापण नव्हतं," सुलाबाई म्हणाली. "पण पुरणाला वेळ लागतो, इनबाई."